मुळीपासून गोळीपर्यंत

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रसायनी, आपटा, जिते, हमरापूर आणि पेण ही स्थानके या क्रमाने लागतात. त्यांतले जिते हे पेण तालुक्यातले भातशेतीचे गाव एका बाजूने डोंगरउतारांच्या आणि दुसऱ्या बाजूने खाडीकाठच्या खारजमिनींच्या शेजारात आहे. त्याच्या उत्तरेकडील रसायनी हे नावच उद्योगाने दिलेले असून १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना तेथे उभा राहिला; मार्गाच्या दक्षिण टोकाला रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे, जिच्यात रंग आणि कीटकनाशके यांच्याबरोबर औषधांची मूळ द्रव्येही तयार होतात. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांवरील औषधांचा इतिहास सामान्यतः बॉस्टन, बाझेल किंवा तोक्यो या शहरांकडे तोंड करून सांगितला जातो. तोच इतिहास मीठ पिकवणाऱ्या, मुळ्या ओळखणाऱ्या आणि पुढे रसायने बनवू लागलेल्या या पट्ट्यातून पाहिला, तर औषधाचा गुण आणि त्याचा दुष्परिणाम या दोन वेगळ्या वस्तू नसून एकाच क्रियेची दोन टोके आहेत, आणि त्यांतल्या दुसऱ्या टोकाची नोंद कोणी, केव्हा व कोणाविषयी केली यावरच त्या औषधाचे भवितव्य ठरत गेले, हे अधिक स्पष्ट दिसते.

रक्तदाब म्हणजे वाहणाऱ्या रक्ताचा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब. तो पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीने, म्हणजे मिलिमीटरमध्ये, मोजतात. इटलीतील शिपिओने रिवा-रोच्ची याने १८९६ साली दंडाला बांधायच्या पट्ट्याचे साधन तयार केले आणि रशियातील निकोलाय कोरोत्कोव्ह याने १९०५ साली त्या पट्ट्याखाली धमनीचा आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे घेण्याची रीत दाखवली. त्याआधी हा विकार होता, परंतु त्याला आकडा नव्हता. आणि ज्या विकाराला बहुधा वेदना नसते, ताप नसतो, सूज नसते, तो आकड्यावाचून विकार म्हणून ओळखूच येत नाही. आकडा हाती आल्यानंतरही बराच काळ वैद्यकाजवळ उपाय नव्हता. वाढलेला दाब ही म्हातारपणी कडक झालेल्या धमन्यांची गरजच असावी, तो उतरवणे धोक्याचे ठरेल, असे मानणारे नामांकित डॉक्टर विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातही होते. मज्जातंतू कापण्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया होत, आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केंपनर हा जर्मनीतून आलेला डॉक्टर रुग्णांना केवळ भात, फळे व साखर यांवर, मिठाचा जवळजवळ कणही न देता, ठेवत असे.

केंपनरचा हा भाताचा आहार कोकणच्या दृष्टीने मोठा विचित्र ठरतो. भात तर येथेही तिन्हीत्रिकाळ खाल्ला जाई, पण तो मिठाशी बांधलेला होता. पेण आणि उरणच्या खाड्यांलगत मिठागरांच्या ओळी होत्या, त्यांवर आगरी कुटुंबे राबत, आणि खारवलेली व सुकवलेली मासळी, लोणचे, पेजेत टाकलेली मिठाची चिमूट यांवर पावसाळ्याचे चार महिने निघत. पेणच्या पोह्याच्या पापडांची कीर्ती पुढे सर्वत्र झाली. त्यांत मीठ असते आणि पापडखारही असतो, आणि खारातला सोडियम हा मिठातल्या सोडियमपेक्षा रक्तवाहिन्यांना काही वेगळा नसतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचवते. मिठागरावर उन्हात घाम गाळणाऱ्याची आणि त्याच्या कचेरीत बसणाऱ्या नातवाची मिठाची गरज सारखी नसते, मात्र जेवणाची सवय बहुधा तीच राहिलेली असते.

मुळीचा इतिहास याच किनाऱ्यावर पुष्कळ जुना आहे. सर्पगंधा हे गुलाबी-पांढऱ्या फुलांचे व जांभळट काळ्या फळांचे लहान झुडूप. मराठीत त्याला अडकई, हरकी, मुंगूसवेल अशी नावे आहेत. मुंगूस नागाशी झुंजण्यापूर्वी एक विशिष्ट मुळी खाते, ही समजूत या शेवटच्या नावामागे आहे, आणि गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली तेथेच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात सापाच्या विषावरील मुळ्यांची चर्चा करताना अशाच मुंगसाची कथा सांगितली आहे. युरोपीय वनस्पतिशास्त्राने या झुडपाच्या वंशाला सोळाव्या शतकातील आउग्सबुर्गचा वैद्य लिओनहार्ट राउवोल्फ याचे नाव दिले. ज्याच्या नावाने हे झुडूप जगभर ओळखले जाते त्याने ते कधी वापरले नव्हते, हा नामकरणाच्या इतिहासातला नेहमीचाच अन्याय म्हणावा लागेल.

कोकणातील वापराची सर्वांत मोलाची नोंद मुंबईत सरकारी औषधभांडाराचे काम पाहिलेल्या विल्यम डायमॉक याने वॉर्डन आणि हूपर यांच्यासह लिहिलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात सापडते. १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथानुसार कोकणात ही मुळी सापसंदाच्या मुळीबरोबर पटकीवर देत, पोटशुळावर कुड्याच्या व मोगली एरंडाच्या मुळ्यांसह दुधातून देत, आणि दक्षिण कोकणातून मुंबईत मजुरीला आलेले बहुतेक लोक तिचा लहानसा साठा आपल्याजवळ बाळगत. म्हणजे गिरण्यांच्या आणि गोदीच्या मुंबईत ही मुळी प्रथम आली ती प्रयोगशाळेत नव्हे, तर चाकरमान्याच्या गाठोड्यात. तिच्या या उपयोगांत रक्तदाब कोठेही नाही, कारण तो सहज मोजणारे दंडपट्ट्याचे साधन अजून जन्मालाच आले नव्हते. आणि ती घेणाऱ्याला काय त्रास होतो याचीही नोंद नाही, कारण पोटदुखीसाठी ती एक-दोन दिवस घेतली जाई आणि तिचे खरे दुष्परिणाम अनेक आठवड्यांनी दिसणारे होते. औषध घेण्याचा काळ बदलला की त्याचा स्वभावही बदलतो, ही गोष्ट लोकवैद्यकाच्या नोंदी वाचताना विसरली जाते.

मुळीला रक्तदाबाशी जोडण्याचे काम विसाव्या शतकात झाले. बिहारकडील बाजारात ती ‘पागल की दवा’ म्हणून विकली जात असे. १९३१ साली कलकत्त्यातील गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवरील नवे भारतीय औषध म्हणून तिच्यावर लेख लिहिला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतीतील नत्रयुक्त व शरीरावर तीव्र क्रिया करणारी द्रव्ये, वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा यांनी प्राण्यांवर तिचा परिणाम तपासला, आणि १९३४ साली हिमालया कंपनीने ‘सर्पिना’ नावाच्या गोळ्या बाजारात आणल्या. झोप आणणे आणि दाब उतरवणे हे दोन्ही गुण आरंभापासून एकत्र नोंदले गेले होते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

तरीही जगाने या मुळीकडे पाहिले ते मुंबईमुळे. परळच्या राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या केईएममध्ये, काम करणारे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी अज्ञात कारणाने रक्तदाब वाढलेल्या ५० रुग्णांना ही मुळी देऊन आकड्यांची टिपणे ठेवली आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ज्या शहरात कोकणी मजूर ती मुळी कनवटीला बांधून येत होता, त्याच शहरातील रुग्णालयाने तिला तक्ते आणि सरासरी यांच्या भाषेत बोलते केले. तो निबंध वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी आपल्या रुग्णांवर मुळीचा प्रयोग केला आणि १९५२ साली बाझेलच्या सिबा कंपनीतील म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी तिच्यातील मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवले. हेच रिसर्पिन. कंपनीने ते ‘सर्पासिल’ या नावाने विकले. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक आणि पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळाले. हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ साली हा गुंतागुंतीचा रेणू प्रयोगशाळेत जुळवून दाखवला. मागणी एवढी वाढली की जंगलातली झुडपे मुळासकट उपटली जाऊ लागली, भारताने कच्च्या मुळ्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि परदेशी कंपन्या आफ्रिकेतील दुसऱ्या एका राउवोल्फियाकडे वळल्या.

याच वर्षांत दुसरे टोकही पुढे आले. १९५४ साली अमेरिकेतील एडवर्ड फ्राइस यांनी रिसर्पिन दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत घेणाऱ्या रुग्णांमध्ये गंभीर विषण्णता आढळल्याचे लिहिले, आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येतात अशा नोंदीही हळूहळू जमा झाल्या. याचे कारण पुढील काही वर्षांत कळले. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रेनलीन, डोपामीन, सेरोटोनीन ही संदेशवाहक द्रव्ये सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. रिसर्पिन हा साठा भरूच देत नाही, त्यामुळे धमन्यांना आखडण्याचा हुकूम पोहोचत नाही व दाब उतरतो. पण मेंदूतील साठा आणि धमनीजवळील साठा यांत औषधाला भेद करता येत नाही. नाक चोंदणे, जठरातील आम्ल वाढणे, सुस्ती, हातापायांचा कंप आणि मनाचे खचणे हे सर्व त्या एकाच रित्या होणाऱ्या कोठारातून येत होते. स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली रिसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना डोपामीनचे पूर्वद्रव्य देऊन पुन्हा हालते केले. त्यातून कंपवाताच्या उपचाराची दिशा मिळाली आणि २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुष्परिणामातून निघालेले ज्ञान मूळ गुणापेक्षा मोठे ठरण्याचे इतके स्पष्ट उदाहरण वैद्यकात विरळा.

१९७४ साली रिसर्पिनमुळे स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होत असावा, असे सुचवणारे तीन अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये एकदमच आले आणि पुढील अभ्यासांत तो संबंध टिकला नाही, परंतु बदनामी पुसली गेली नाही. भारतात मात्र रिसर्पिन, डायहायड्रॅलझीन आणि मूत्र वाढवणारे एक औषध एकत्र असलेली सिबाची ‘अॅडेल्फेन-एसिड्रेक्स’ ही स्वस्त गोळी पुढेही अनेक वर्षे लिहून दिली जात होती. याच कंपनीचे संशोधन केंद्र मुंबईत गोरेगावला होते. त्याचे उद्घाटन १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. अतिशय लहान मात्रेत रिसर्पिन बहुतेकांना सोसते, हे अमेरिकेतील वृद्धांवरील मोठ्या चाचणीत दुसऱ्या पायरीचे पर्यायी औषध म्हणून अवघे ०.०५ मिलिग्रॅम देऊन १९९१ पर्यंत पुन्हा दिसून आले. पहिल्या दशकातील उत्साहाने मात्रा मोठी ठेवली नसती, तर या मुळीची कथा वेगळी झाली असती असे मानण्यास जागा आहे.

तिची जागा घेणारी औषधे एकामागून एक आली आणि प्रत्येकाने आपला त्रासही बरोबर आणला. १९५८च्या सुमारास आलेल्या थायझाइड गटाने मूत्रावाटे मीठ बाहेर टाकले, पण त्याबरोबर पोटॅशियमही जाऊ लागले आणि कधी सोडियम फारच उतरू लागले. जेम्स ब्लॅक यांच्या प्रोप्रॅनोलॉलने १९६४ नंतर हृदयाचा वेग आवरला. थकवा आणि दमेकऱ्यांना श्वासाचा धोका हे त्याचे मोल होते. मग सापच परत आला, या वेळी मुळीच्या नावात नव्हे तर प्रत्यक्ष विषात: ब्राझीलमधील जराराका सर्पाच्या विषातील द्रव्यांवर सेर्जिओ फेरेरा यांनी केलेल्या कामातून धमनी आखडणारे एक रसायन तयार होऊ न देण्याची युक्ती सापडली आणि १९८१ साली कॅप्टोप्रिल अमेरिकेत मान्य झाले. या गटातील एनालाप्रिल, रॅमिप्रिल घेणाऱ्या काहींना कोरडा, न थांबणारा खोकला लागतो, कारण जे विकर औषध अडवते तेच खोकला उठवणाऱ्या ब्रॅडिकायनिनची विल्हेवाट लावत असते. लोसार्टनचा गट हा खोकला टाळण्यासाठी पुढे आला. अम्लोडिपिन धमन्यांचे स्नायू सैल करते, म्हणून सायंकाळी घोट्यांना सूज येते. अनेकदा ती ‘पाणी झाले’ म्हणून समजली जाते आणि तिच्यावर आणखी एक गोळी चढवली जाते, हा दोष औषधाचा नव्हे, लिहून देणाऱ्याचा होय.

कोलेस्टेरॉलची गोष्ट अधिक अलीकडची, आणि तिच्या आरंभीच ठोकर आहे. कोलेस्टेरॉल हा पेशींना आवश्यक मेदासारखा पदार्थ. तो बहुतांशी यकृत तयार करते आणि रक्तात कमी घनतेच्या कणांवर स्वार होऊन फिरताना तो धमनीच्या भिंतीत साचतो. १९६० साली अमेरिकेत विकावयास आलेले ट्रायपॅरॅनॉल हे औषध कोलेस्टेरॉल उतरवत असे, पण त्याने मोतीबिंदू होऊ लागले आणि कंपनीने प्राण्यांवरील निष्कर्ष दडवल्याचे उघड झाल्यावर १९६२ साली ते मागे घेतले गेले. जपानमधील अकिरा एन्दो यांना १९७३ साली एका बुरशीत यकृतातील कोलेस्टेरॉल-निर्मितीची कळ बंद करणारे द्रव्य मिळाले. स्टॅटिन गटाचा तो आरंभ होता आणि १९८७ साली लोव्हास्टॅटिन अमेरिकेत बाजारात आले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील मोठ्या चाचणीने हृदयविकार असलेल्यांचे मृत्यू या गटाने कमी होतात हे दाखवले. त्यानंतर सात वर्षांनी सेरिव्हास्टॅटिन स्नायू विरघळवून मूत्रपिंड निकामी करते असे दिसून २००१ साली जगभरातून मागे घेतले गेले, आणि ‘स्टॅटिनने अंग दुखते’ ही भीती तेव्हापासून रूढ झाली. ती सर्वस्वी खोटी नाही. पण २०२० साली इंग्लंडमध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आळीपाळीने स्टॅटिन, हुबेहूब दिसणारी निर्गुण गोळी आणि रिकामी बाटली दिली असता स्टॅटिनच्या महिन्यांतील त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास निर्गुण गोळीच्या महिन्यांतही आढळला. भीतीचाही दुष्परिणाम असतो, आणि तो खरोखर दुखतो.

भारतात हे सर्व स्वस्त कसे झाले याचे उत्तर १९७० च्या पेटंट कायद्यात आहे. १९७२ साली अंमलात आलेल्या त्या कायद्याने औषधद्रव्यावर नव्हे, केवळ ते बनवण्याच्या पद्धतीवर हक्क मान्य केला, आणि २००५ पर्यंत भारतीय रसायनतज्ज्ञांनी निराळ्या वाटेने तीच द्रव्ये बनवली. पाताळगंगा, रसायनी आणि धाटाव या पट्ट्याला त्या काळाने आकार दिला. धाटावला मूळ औषधद्रव्यांचा कारखाना असलेल्या युनिकेम कंपनीचे ‘लोसार’ हे लोसार्टनचे नाव मराठी घरांत परिचित होते, आणि २०१७ साली कंपनीने आपला देशांतर्गत व्यवसाय टोरेंटला विकताना जी नावे हस्तांतरित केली त्यांत तेही होते. गोळी स्वस्त होण्याची एक किंमत रोह्याजवळच्या कुंडलिका नदीने दिली; औद्योगिक सांडपाण्यामुळे तिच्या काठच्या गावांनी आणि कोळ्यांनी दीर्घकाळ तक्रारी केल्या आहेत. आणि २०१८ साली वेगळाच धडा मिळाला: चीनमधील एका कारखान्याने लोसार्टनच्याच गटातील व्हलसार्टन बनवण्याची पद्धत बदलल्याने त्यात कर्करोगकारक असण्याचा संभव असलेला नायट्रोसमीन शिरला आणि अनेक देशांत गोळ्या परत मागवाव्या लागल्या. तेथे दुष्परिणाम रेणूचा नव्हता, भट्टीचा होता.

मुळी उपटण्याचे जे व्हायचे ते झाले, आणि १९९० पासून सर्पगंधा ही वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. दरम्यान उपचार गावाकडे सरकला. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आरंभीच्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा होते, आणि त्यामागचा विचार साधा होता: थोडी, ठरलेली, स्वस्त औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रातच द्यावीत, दर महिन्याला दाब मोजावा आणि नोंद ठेवावी. जित्याच्या भातखाचरात राबणाऱ्या बाईला पेणला किंवा पनवेलला न जाता गोळी मिळाली तरच ती नियमित घेतली जाते. पण गोळी नियमित घेणाऱ्याचा खोकला, घोट्याची सूज, पोटऱ्यांचे दुखणे हे जर ‘वयाचे’ म्हणून सोडून दिले गेले, तर १८९० च्या चाकरमान्याप्रमाणे त्याचीही नोंद राहणार नाही. आणि न सांगता गोळी बंद केली तर पक्षाघाताचा धोका तसाच राहतो.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याला रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतो, आणि रुग्णाने भरावयाचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे.